'वॉकिंग विथ डायनासोर्स' पंचवीस वर्षांनी पुन्हा पाहिली आणि लेकीने माझीच शाळा घेतली

तापीकाठ (धागालेखक)

मे महिना, जळगाव. दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडायची सोय नाही. लेक नववीत गेलीय, रावेरहून भाचे सुट्टीला आलेत, कूलरसमोर चटया टाकून सगळे आडवे. म्हटलं, पोरांना आपल्या काळातलं काहीतरी दाखवू. बीबीसीची 'वॉकिंग विथ डायनासोर्स'. १९९९ ची, सहा भागांची.

मी ती कॉलेजात असताना पाहिली होती, मामेभावाने पुण्याहून आणलेल्या सीड्यांवर. एका भागात तीनदा लाइट जायची, त्यामुळे सहा भागांना आठवडा लागला. पण काय पाहिलं होतं राव! तोवर डायनासोर म्हणजे माणसांच्या मागे धावणारा सिनेमातला. इथे माणूसच नाही. रानात कॅमेरा लावून बसावं आणि समोरून कळप जावा, तसं सगळं. पिल्लू मरतं, आई पुढे निघून जाते, आणि निवेदक केनेथ ब्राना त्याच शांत आवाजात पुढचं सांगत राहतो. मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

तर लावली. पहिल्याच भागात तो पोस्टोसुकस नावाचा मगरीचा थोराड चुलता आपली हद्द आखायला धार सोडतो. धाकटा भाचा म्हणाला, "मामा, कोंबडी कुठं मुतते?" त्याच्या घरी कोंबड्या आहेत. पक्षी आणि बहुतेक सरपटणारे प्राणी घट्ट पांढरं युरिक ॲसिड टाकतात, ती पांढरी पिचकारी त्याने रोज झाडलीय. बीबीसीला जे सुचलं नाही ते याला चौथीत ठाऊक.

तिसऱ्या भागात लायोप्लुरोडॉन, समुद्रातला शिकारी. लांबी २५ मीटर, वजन १५० टन. लेकीने रिमोट घेतला आणि थांबवलं. "पप्पा, हा सहा-सात मीटरचा असतो." म्हणजे आपल्या एसटीपेक्षा आखूड. चौथ्या भागात युटारॅप्टर हे शिकारी डायनासोर आले, अंगावर एक पीस नाही. ती म्हणाली, "सोललेल्या कोंबड्या." भाचे हसून लोळले.

खरं सांगू, मला राग आला. तिच्यावर नाही. माझा आवडता मास्तर म्हातारपणी वर्गात चुकीचं शिकवताना सापडावा तसं झालं. आता प्रश्न असा की ही मालिका पोरांना दाखवावी का? आणि जाणकारांनी सांगावं, अजून काय काय शिळं झालंय?


रावेर_केळीबाग

मस्त धागा भाऊ. आमच्याकडे केबलवाल्याने लावली होती, सगळी गल्ली आमच्या ओट्यावर. माही आजी म्हने, "यवढे मोठे जनावर गेले कुठी मंग?" तिला उत्तर देता आलं नाही तेव्हा. पुढचे प्रतिसाद वाचायला बसलोय.


कातळ (धुळे)

भूगर्भशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

सगळ्या चुकांना एकाच मापाने मोजू नका. लायोप्लुरोडॉनची चूक ही त्या काळातलीच उडी होती. मोठ्या प्लायोसॉरच्या, म्हणजे त्याच्याच कुळातल्या समुद्री प्राण्यांच्या, हाडांचे काही तुकडे हाती होते, त्यांवरून अंदाज ताणला, आणि अंदाजातलं सगळ्यात मोठं टोक पडद्यावर आलं. चौथ्या भागातल्या त्या ऑर्निथोकायरसचंही तेच. पंखांचा पसारा १२ मीटर सांगितला, आता त्याच्या जातकुळीतल्या सगळ्यात मोठ्याला लोक आठेक मीटर देतात आणि त्याचं नावही वेगळं लावतात. टीव्हीला मोठा आकडा हवा असतो, आणि कुठल्याही अंदाजाला वरचं टोक असतंच.

युटारॅप्टरची गोष्ट निराळी. त्याचं नाव १९९३ मध्ये पडलं, हाडं अमेरिकेतल्या युटाची. मालिकेने त्याला युरोपात नेऊन सोडला, ही भूगोलाची सरळ चूक. पण पिसांसाठी मी त्यांना अर्धीच शिक्षा देईन. चीनमध्ये सायनोसॉरोप्टेरिक्स हा केसाळ पिसांचा छोटा डायनासोर जगापुढे आला १९९६ साली, म्हणजे इकडे मालिकेचं काम चालू असताना. युटारॅप्टरचा नातेवाईक व्हेलोसिरॅप्टर, त्याच्या हाताच्या हाडावर पिसांच्या मुळांचे उंचवटे दाखवले गेले ते २००७ मध्ये. आणि शंभर पिसांचं जनावर संगणकावर हलवणं तेव्हा सोपं नसणार.

आता गंमत बघा. मालिकेतला टी-रेक्स खवल्यांचा. २०१२ मध्ये चीनमधूनच युटिरॅनस आला, नऊ मीटरचा, टी-रेक्सचा दूरचा भाऊबंद, अंगभर पिसं. झालं, सगळीकडे टी-रेक्सला पिसं चिकटवायला सुरुवात. २०१७ मध्ये टी-रेक्सच्या कातडीचे ठसे अभ्यासले गेले, तर खवलेच. म्हणजे जुनी मालिका मधली पाच वर्षं चुकीची होती आणि आता पुन्हा बरीचशी बरोबर! २०२३ च्या एका अभ्यासाने त्याला ओठही दिलेत, घोरपडीसारखे, दात झाकणारे. ते कितपत टिकतात पाहू.

डिप्लोडोकस या लांब मानेच्या डायनासोरच्या मानेवर तर अजून भांडण चालू आहे. मालिकेत ती बैलगाडीच्या जुवासारखी आडवी धरलीय, कारण संगणकावर मणके जुळवून तेव्हा तसंच उत्तर येत होतं. २००९ मध्ये दुसऱ्या गटाने म्हटलं, जिवंत प्राणी पाहा, बहुतेकांची मान उभी असते. उंट, कोंबडी, ससा, कोणताही घ्या.


निर्भीड_नंदुरबार

म्हणजे आज खवले, उद्या पिसं, परवा पुन्हा खवले. मग विश्वास ठेवायचा कशावर? आमच्या पोथीत तरी दर पाच वर्षांनी बदल होत नाही.


कातळ

पोथी वाचा की, नको कोण म्हणतंय. पण तुम्ही कापसाचं बियाणं दर पाच वर्षांनी का बदलता?


निर्भीड_नंदुरबार

तो विषय वेगळा आहे.


मधली_सुट्टी (चाळीसगाव)

शाळेत विज्ञान शिकवते. तापीकाठ दादा, दाखवा. जरूर दाखवा. मी आजही सहावीला तिचे तुकडे दाखवते.

माझी तक्रार आकड्यांबद्दल नाहीच. आकडे सुधारता येतात. माझी तक्रार त्या निवेदनाबद्दल आहे. सहा भागांत तो माणूस 'कदाचित' म्हणायला तयार नाही. दुसऱ्या भागात डिप्लोडोकसची मादी पोटाखालून एक लांब नळी सोडून अंडी जमिनीत घालते. असली नळी कुठल्याही डायनासोरच्या जीवाश्मात मिळालेली नाही. कोणीतरी विचार केला की एवढ्या उंचीवरून अंडं पडलं तर फुटेल, मग नळी काढली. विचार वाईट नाही! पण पाहणाऱ्याला कळतच नाही की हाड कुठे संपलं आणि कल्पना कुठे सुरू झाली. दोन्हींचा आवाज एकच.

वर्गात मी एक खेळ घेते. चित्र थांबवायचं आणि विचारायचं, "हे कशावरून कळलं असेल?" दात? दात सापडले. कळप? पायांचे ठसे एका दिशेने सापडतात. आईने पिल्लाला असं हुंगलं? मुलं गप्प होतात. मग एखादी म्हणते, "बाई, हे त्यांनी मनाने घातलंय." त्या दिवशीचा तास वसूल.

रंगाबद्दल मात्र मीच तोंडघशी पडले. दरवर्षी सांगायचे, की बाळांनो, डायनासोरचा रंग कधीच कळणार नाही. २०१० मध्ये कळला की! त्याच सायनोसॉरोप्टेरिक्सच्या पिसांत रंगाचे सूक्ष्म कण टिकले होते, त्यांच्या आकारावरून शेपटीवर तांबूस-पांढरे पट्टे निघाले. तेव्हापासून 'कधीच' हा शब्द वर्गात वापरत नाही.

२०२५ मध्ये बीबीसीने याच नावाने नवी मालिका काढली, त्यात प्रत्यक्ष खोदकामाच्या जागाही दाखवल्यात. हाड जमिनीतून निघताना दिसतं, मग गोष्ट. हे त्यांना पंचवीस वर्षांनी सुचलं, पण सुचलं.


भुसावळ_आऊटर

मालिकेची एक खासियत कोणी लिहिली नाही अजून. प्राणी संगणकाचे, पण रानं खरी होती. चिली, न्यू कॅलेडोनिया, कॅलिफोर्नियातली उंच झाडांची जंगलं वगैरे. आणि जागा निवडताना एक अट होती, जमिनीवर गवत नको. कारण डायनासोरच्या काळात गवत नव्हतं असं तेव्हा मानत. बिनगवताचं रान शोधत जगभर फिरले बिचारे.

मी मूळचा चंद्रपूरकडचा, रेल्वेमुळे भुसावळला. आमच्या वरोरा तालुक्यात पिसदुरा म्हणून गाव आहे. तिथे शेतात डायनासोरचं शेण सापडतं, दगड झालेलं. २००५ मध्ये त्या शेणाच्या अभ्यासातून गवताचे सूक्ष्म सिलिकाकण निघाले, एक नाही, किमान पाच प्रकारच्या गवतांचे. पुढे २०११ मध्ये त्यांतल्या काहींचं नातं भाताच्या कुळाशी लावलं गेलं. बीबीसीने गवत चुकवायला पृथ्वी पालथी घातली आणि गवत विदर्भातल्या शेणात निघालं!


कातळ

सुंदर मुद्दा. फक्त एक दुरुस्ती, पिसदुऱ्याचं गवत भारतातलं आणि अगदी शेवटच्या काळातलं. त्यावरून अमेरिकेतल्या मोंटानात, जिथे शेवटचा भाग घडतो, किंवा त्याआधीच्या ज्युरासिक काळात गवत होतं असं होत नाही. तेव्हा भारत बेटासारखा वेगळा पडलेला. मालिकेची अट बहुतेक भागांना अजून लागू आहे.


भुसावळ_आऊटर

मान्य. पण शेणाचा मान राहू द्या.


पांझराकाठ (साक्री)

भाऊसाहेब, मन्ही एक शंका शे. (आता मराठीत लिहितो, नाहीतर बाकीचे ओरडतील.) चंद्रपुरात सापडतं, गुजरातेत सापडतं, आपल्या खानदेशातच का नाही? आपण काय पाप केलं? गेल्या वर्षी विहीर खोल केली. वर माती, मग मुरूम, मग काळा दगड. पन्नास फुटांवर हातभर तांबडी माती लागली, गेरूसारखी, आणि तिच्याखाली पुन्हा काळा दगड. दगडाखाली माती कुठून आली, हे कोणी सांगेना.


कातळ

या प्रश्नासाठी तुमच्या घरी जेवायला येईन.

तुमचा काळा दगड म्हणजे लाव्हा. एकदाच आला आणि थांबला असं नाही. एक थर आला, थंड झाला, उघडा पडून राहिला, ऊनपावसाने वरून कुजला. मग पुढचा थर त्यावर आला आणि ती कुजलेली माती भाजून तांबडी झाली. तुमचा हातभर गेरू म्हणजे दोन लाव्हांमधली सुट्टी. असे थर आजही जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेत, सह्याद्रीकडे दोन किलोमीटरहून जाड. साक्री-नंदुरबार रस्त्याला रानात सरळ रेषेत काळ्या दगडाच्या टेकड्या दिसतात ना, कोणी भिंत बांधल्यासारख्या? त्याच वाटांनी खालून लाव्हा वर चढला आणि फटीत गोठला. धुळे-नंदुरबारात अशा दोनशेहून जास्त भिंती मोजल्यात. आपण चुलीच्या तोंडाशीच राहतो.

डायनासोर ज्या जमिनीवर चालले ती जमीन आपल्याकडे या सगळ्याच्या खाली आहे. जिथे लाव्ह्याचं पांघरूण झिजून फाटलं, तिथे ती दिसते. जबलपूरला इंग्रज अधिकारी स्लीमनला १८२८ मध्ये हाडं मिळाली. गुजरातेत राहिओलीच्या हाडांवरून २००३ मध्ये राजासॉरस या शिकारी डायनासोरचं नाव ठेवलं. आणि आपल्या सगळ्यात जवळचं म्हणजे धार जिल्ह्यातलं बाग-कुक्षी. शहाद्यावरून खेतिया, बडवानी, नर्मदा ओलांडली की कुक्षी. त्या पट्ट्यातली ९२ घरटी आणि २५६ अंडी २०२३ च्या शोधनिबंधात नोंदली आहेत. त्याच जिल्ह्यातल्या पाडल्या गावचे लोक गोल दगड बांधावर मांडून काकड भैरव म्हणून पूजत होते. काकड म्हणजे शेताची हद्द. अभ्यासकांनी पाहिलं तर त्यांतली काही अंडीच होती.

आता मालिकेकडे. शेवटच्या भागात, उल्का पडायच्या आधीच, ज्वालामुखींनी हवा नासलीय आणि टी-रेक्सची अंडी वाया जातायत असं दाखवलंय. ते मोंटानाचं चित्र आहे. पण तेव्हा जगातला सगळ्यात मोठा लाव्हा तुमच्या विहिरीच्या जागी वाहत होता, त्याचा मागमूसही त्या सहा भागांत नाही. मालिका सांगते ६ कोटी ५० लाख वर्षं. २०१३ पासून तारीख ६ कोटी ६० लाखांवर सरकलीय. आणि २०१५, २०१९ च्या मोजण्यांनी दख्खनचा मुख्य लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत उरकला असं दाखवलं. काही उल्केच्या आधी, काही नंतर.


अस्सल_अहिराणी

म्हणजे डायनासोर आपल्या खानदेशच्या लाव्ह्यानेच मेले! अभिमान वाटला.


कातळ

थांबा हो. मेक्सिकोतला तो खड्डा, चिक्शुलुब, विसरू नका. जगभर त्या थरात इरिडियम, म्हणजे उल्कांत जास्त असणारा धातू, सापडतं हे १९८० मध्ये मांडलं गेलं, आणि १९९१ पर्यंत खड्डाही पटला. आज बहुतेकांचा मुख्य आरोपी उल्काच आहे. लाव्ह्याने किती हातभार लावला यावर वाद आहे, दोन्ही बाजूंना चांगली माणसं आहेत. खुनाचा अभिमान तसाही बाळगू नये.


अस्सल_अहिराणी

बरं, सहआरोपी तरी ठेवा.


रावेर_केळीबाग

ॲपलवरच्या 'प्रीहिस्टॉरिक प्लॅनेट'च्या दुसऱ्या मोसमात, २०२३ च्या, आपलं दख्खन आलंय. आयसिसॉरस या लांब मानेच्या डायनासोरच्या माद्या धुमसत्या लाव्ह्यातून चालत अंडी घालायला जातात. तो आयसिसॉरसही चंद्रपूरकडचाच, डोंगरगावचा. बाहेर ४४ डिग्री होतं तेव्हा पाहिलं, फार वेगळं वाटलं नाही.


मधली_सुट्टी

पांझराकाठ भाऊंचा "खानदेशातच का नाही" मनात घोळतोय. आमच्या चाळीसगाव तालुक्यात पाटणे आहे, पाटणादेवीचं. तिथे पुरातत्त्वज्ञ साळी यांनी उत्खनन केलं होतं, त्यात शहामृगाच्या अंड्याची कवचं मिळाली. एका तुकड्यावर रेघांची नक्षी, काहींचे मणी केलेले. सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचं काम. पक्षी हे डायनासोरच, हे आता जवळपास सगळेच मानतात. मग खानदेशात डायनासोरचं अंडं आहे की! त्यावर माणसाने नक्षी काढलीय, एवढंच.

मालिकेच्या अगदी शेवटी पक्षी आहेतच, आठवतंय? डायनासोर संपले नाहीत असं ती तेव्हाच म्हणाली होती. तेवढं शिळं झालं नाही.


तापीकाठ

सगळ्यांचे आभार. रात्री जेवताना सगळे प्रतिसाद लेकीला वाचून दाखवले. डिप्लोडोकसची नळी तिलाही माहीत नव्हती, तेव्हा माझी थोडी बाजू सावरली.

एक राहिलं. टी-रेक्स ओरडतो तेव्हा ती म्हणाली, हा आवाजही बनवलेला. २०१६ चा एक अभ्यास आहे म्हणे, पक्षी आणि मगरींच्या आवाजावरचा. तोंड मिटून घुमणारे कितीतरी पक्षी आहेत, मगरीही तशाच गुरगुरतात, तेव्हा काही मोठे डायनासोर असे मिटल्या तोंडाने घुमत असतील. मी विचारलं, म्हणजे कसा आवाज? ती म्हणाली, विहिरीत पारवा घुमतो तसा, फक्त पोटात कळ यावी एवढा मोठा. रात्री कूलर बंद केल्यावर तोच विचार करत पडलो होतो. डरकाळीपेक्षा भीती वाटली.

सहावा भाग अजून उरलाय. लाव्हा आला की थांबवून पोरांना सांगणार आहे की हा आपला नाही, आपला दाखवायचा राहून गेला. पांझराकाठ भाऊ, तुमच्या विहिरीतला तो तांबडा पट्टा पोरांना बघायचाय. येऊ का?


पांझराकाठ

या ना भाऊ. कातळ सरांनाही आणा, जेवण बाकी शे त्यांचं. पन जूनना आधी या. पाऊस पडना का इहीर भरी जास, मंग पट्टा दिसाव नही.